डाकेच्या वाटेवरची शर्यत

बडोद्याच्या जुन्या मराठी कुटुंबांत आज असे घर विरळाच, की ज्यातील एखादा मुलगा, मुलगी वा नातवंड परदेशी नाही. पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांच्या मागोमाग आपले पूर्वज घाटावरून आणि कोकणातून या मुलखात आले. जवळजवळ तीन शतकांनंतर त्यांचे वंशज तशीच बोचकी बांधून आणखी पुढे निघाले, इतकाच काय तो फरक. प्रस्तुत लेखकाचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मिनीॲपोलिस येथे राहतो. २०२३ च्या जानेवारीत सौ. आणि मी त्याच्याकडे होतो, आणि तेथेच एका रविवारी मुलगा, सूनबाई व दोन नातवंडे यांच्यासह बर्फावरून गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची शर्यत पाहण्याचा योग आला. त्या सहलीतून काही प्रश्न मनात उभे राहिले. ते कुत्र्यांपेक्षा आपल्या बडोद्याविषयीचे अधिक होते, म्हणून ते या पत्रिकेच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटतात.

खरे सांगायचे तर निघताना मला उत्साह नव्हता. कुत्र्यांची शर्यत म्हटली की सट्टेबाजीची धावपट्टी डोळ्यांपुढे येते. मुलगा म्हणाला, “बाबा, ही पळण्याची शर्यत नाही, ओढण्याची आहे. पाहून तर घ्या.” मिनीॲपोलिसच्या उत्तरेस सुमारे १५० मैलांवर, सुपीरियर सरोवराच्या टोकाशी डुलुथ नावाचे शहर आहे. क्षेत्रफळाच्या दृष्टीने हे जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. त्याच्या काठाकाठाने दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस ही शर्यत होते. मुख्य शर्यत सुमारे ३०० मैलांची असते आणि तिच्या जोडीला १२० व ४० मैलांच्या लहान शर्यती असतात. पारा शून्याच्या पुष्कळ खाली गेलेला, तरी हजारो माणसे लेकराबाळांसह बर्फात उभी होती. कोठे शेकोट्या पेटल्या होत्या, कोठे गरम कोको चालला होता. आपल्याकडच्या जत्रेची आठवण व्हावी असेच ते दृश्य होते.

स्लेज म्हणजे चाकांऐवजी धावपट्ट्यांवर घसरणारी गाडी. तिच्यापुढे एका लांब दोराला दोन-दोनच्या ओळींत दहा-बारा कुत्री जुंपलेली असतात. सर्वांत पुढची जोडी वाटाडी, हुशार आणि आज्ञाधारक. गाडीलगतची जोडी सर्वांत दणकट. नांगराला अनेक जोड्या जुंपल्या की धुरेच्या बैलांवर जो भार येतो, तोच येथे या मागच्या जोडीवर येतो. मला सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. या कुत्र्यांना लगाम नाही, वेसण नाही, कासरा नाही. गाडीच्या मागे उभा राहणारा माणूस केवळ आवाजाने त्यांना वळवतो. ‘जी’ म्हटले की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे. पुढच्या जोडीने ऐकले नाही, तर त्याच्या हाती दुसरे काही नसते.

निघण्यापूर्वी ही कुत्री इतकी भुंकतात, दोराला इतके हिसके देतात, की गाडी बर्फात रुतवलेल्या लोखंडी आकड्याने धरून ठेवावी लागते. आकडा उपटला रे उपटला, की सारा गलका क्षणात थांबतो. मग ऐकू येते ते फक्त धावपट्ट्यांचे घसरणे आणि कुत्र्यांचा श्वास. एवढी मोठी गर्दीही त्या शांततेने नकळत गप्प होते. कुत्र्यांच्या पायांत रंगीत कापडी मोजे पाहून सौ. म्हणाली, “अगं बाई, यांच्या पायांची एवढी काळजी!” बर्फाच्या धारदार कणांनी पंजे फाटू नयेत म्हणून ते घालतात, असे सूनबाईंनी सांगितले. शर्यतीपूर्वी प्रत्येक कुत्र्याची पशुवैद्य तपासणी करतात. वाटेतल्या थांब्यांवर पुन्हा तपासणी होते आणि सक्तीची विश्रांती असते. थकलेले वा दुखावलेले कुत्रे थांब्यावर उतरवले जाते, त्याला पुन्हा जुंपता येत नाही.

या शर्यतीचे नाव ‘जॉन बेअरग्रीझ स्लेज कुत्र्यांची मॅरेथॉन’. हा कोणी राजा, सेनापती वा धनिक असावा असे मला वाटले होते. तो निघाला डाकवाला. ओजिब्वे या तेथल्या मूळ रहिवासी जमातीत १८५८ साली जन्मलेल्या या माणसाने आपल्या भावांसह १८७९ ते १८९९ अशी वीस वर्षे सरोवराच्या उत्तर काठावर टपाल वाहिले. टू हार्बर्स ते ग्रँड मरे हे अंतर ऐंशी मैलांहून अधिक. उन्हाळ्यात तो होडीने जाई. सरोवराच्या लाटा आणि हिवाळ्याचा बर्फ यांनी वाट अडवली की कुत्र्यांची गाडी जुंपी. रस्ता धड नाही, रेल्वे नाही, अशा त्या काठावरच्या वस्त्यांना बाहेरच्या जगाची खबर या कुत्र्यांमुळेच मिळे. कुत्र्यांच्या जुंपणीला घंटा बांधलेल्या असत. त्यांचा आवाज आला की लोक घराबाहेर येत, असे तेथे सांगतात. १९१० साली तो निवर्तला. आपण पाहिली ती शर्यत १९८० च्या दशकाच्या आरंभापासून त्याच्या नावाने, त्याच्या वाटेच्या आधाराने धावली जाते.

घंटांचा उल्लेख ऐकताच मला आपल्याकडचा डाक नेणारा हलकारा आठवला. त्याच्या भाल्याला घुंगरू बांधलेले असत. रानातल्या श्वापदांना बुजवावे आणि पुढच्या चौकीवरच्या गड्याला सावध करावे, हा त्यांचा उपयोग. पेशवाईत जासूद जोडीने पाठवीत, म्हणून ‘जासूदजोडी’ हा शब्द जुन्या पत्रांतून वारंवार भेटतो. तातडीच्या कामास सांडणीस्वार असत. पुणे आणि बडोदे यांच्यामधला सारा कारभार, तह, तक्रारी आणि तगादे अशाच पायांवरून आणि पाठींवरून आले-गेले. आपण ती पत्रे जपली, छापली, त्यांच्यावर वाद घातले. ती वाहून नेणाऱ्यांची आठवण मात्र आपण कोठे ठेवली, हा प्रश्न त्या बर्फात उभे असताना प्रथमच मनात आला.

परतीच्या वाटेवर मोटारीत नऊ वर्षांच्या नातवाने विचारले, “आजोबा, बडोद्याला प्राण्यांची अशी शर्यत होती का?” मी मोठ्या उमेदीने साठमारीची हकिगत सांगू लागलो. वाचकांपैकी बहुतेकांनी ती आपापल्या आजी-आजोबांकडून ऐकली असेल. आमचे खापरपणजोबा सरकारी हत्तीखान्यात कारकून होते आणि घरच्या मंडळींना झुंजी पाहण्यासाठी घेऊन जात, अशी आमच्या घरची परंपरागत कथा आहे. त्यामुळे आमच्याकडे ही गोष्ट जरा अभिमानानेच सांगितली जाई.

साठमारीसाठी बडोद्यास अगड नावाचे तटबंदीचे मैदान होते. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्यास आला. त्याने आपल्या प्रवासग्रंथात या झुंजींचे सविस्तर वर्णन केले आहे. भिंतींना अधूनमधून अरुंद दारे ठेवलेली असत. त्यांतून माणूस निसटू शके, हत्तीला मात्र शिरता येत नसे. माजावर आणलेले दोन नर समोरासमोर सोडीत. पुढे एकटा हत्ती राखून त्याला पायी माणसे आणि घोडेस्वार डिवचीत. हत्ती आवरेनासा झाला की दारूकाम उडवून त्याला बुजवीत. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, बडोद्यास आले तेव्हाही त्यांना हा खेळ दाखवण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात दत्तक घेतलेले बारा वर्षांचे सयाजीराव महाराज यजमान होते. साठमारी हे केवळ बडोद्याचेच वैशिष्ट्य नव्हे. कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या काळातील मैदान आजही साठमारी याच नावाने ओळखले जाते.

हे सारे मी रंगवून सांगत होतो. नातवाने मध्येच विचारले, “मग हरलेल्या हत्तीचं काय व्हायचं?” मी थांबलो. आमच्या घरच्या कथेत जिंकलेल्या हत्तीचे नाव होते, महाराजांनी दिलेल्या बक्षिसाची रक्कम होती, गर्दीत हरवलेल्या आमच्या कोणा आत्याचा किस्साही होता. हरलेला हत्ती मात्र कथेत कोठेच नव्हता. दीडशे वर्षे ही कथा चार पिढ्यांनी सांगितली आणि ऐकली, पण हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता, मीही नाही. “ते मला माहीत नाही रे,” एवढेच उत्तर मी देऊ शकलो.

बडोद्यास परतल्यावर या प्रश्नाने मला जुन्या इतिहासाकडे वळवले, आणि तेथे एक विलक्षण विसंगती ध्यानात आली. ज्या खंडेराव महाराजांच्या अगडातील हत्ती आपल्या घराघरांत अमर झाले, त्याच महाराजांनी हिंदुस्थानातील पहिली अरुंद मापाची रेल्वे घातली. १८६२ साली मियागाम ते डभोई असा सुमारे २० मैलांचा हा लोहमार्ग तयार झाला. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. कापसाने समृद्ध असलेला डभोईचा मुलूख त्यामुळे मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या रेल्वेला जोडला गेला. आता प्रश्न असा, की ही गाडी ओढली कोणी? रूळ इतके हलके होते, की वाफेच्या इंजिनाचा भार त्यांना पेलेना. म्हणून गाडीला बैल जुंपले गेले. रूळ बदलून १८७३ साली इंजिने नियमित धावू लागली, तोपर्यंतची जवळजवळ अकरा वर्षे गायकवाड सरकारची आगगाडी बैलांनी ओढली. त्या गाडीत आग नव्हती. होती ती जनावरांची ताकद.

पुढे याच मार्गातून डभोईभोवती अरुंद मापाच्या रेल्वेचे मोठे जाळे विणले गेले. त्याचा अभिमान आपण सांगतो आणि तो रास्तही आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्या रेल्वेत स्टेशनमास्तर, गार्ड वा कारकून होते. पण ज्या बैलांनी ही रेल्वे तिच्या बाळपणी चालवली, त्यांची एकही गोष्ट आमच्या घरात नाही. ज्यांना विचारले त्या स्नेह्यांच्या घरांतही ती निघाली नाही. तमाशासाठी झुंजवलेला हत्ती आम्ही स्मरणात ठेवला आणि अकरा वर्षे राज्याचा कापूस वाहणारा बैल विसरलो. डुलुथच्या लोकांनी नेमके उलटे केले. त्यांनी आपल्या उत्सवाला डाकवाल्याचे नाव दिले आणि त्याच्या जनावरांचे काम हाच खेळ मानला.

अर्थात एवढ्यावरून तेथले सारे चांगले आणि आपले सारे वाईट, असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचा इतिहासही कृतघ्नतेने भरलेला आहे. सायबेरियाच्या उत्तरेकडील झोखोव बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या अशा कुत्र्यांचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे बैलाच्या मानेवर जू येण्याच्या कितीतरी आधीपासून हा प्राणी माणसाचे ओझे ओढीत आला आहे. १९११ साली दक्षिण ध्रुवाकडे नॉर्वेचा आमुंडसेन आणि इंग्लंडचा स्कॉट यांची जणू शर्यतच लागली. १४ डिसेंबर १९११ रोजी आमुंडसेन प्रथम पोहोचला तो मुख्यतः कुत्र्यांच्या बळावर. निघताना त्याच्याकडे ५२ कुत्री होती, तळावर परतली ती ११. उरलेल्यांपैकी बहुतेकांना वाटेत मारून त्यांचे मांस माणसांनी आणि इतर कुत्र्यांनी खाल्ले. हे ठरवून, आधी हिशेब मांडून केले होते. जगाने आमुंडसेनचे नाव लक्षात ठेवले.

दुसरी हकिगत अलास्काची. १९२५ च्या जानेवारीत नोम या दूरच्या गावी घटसर्पाची साथ आली. मुले दगावू लागली. प्रतिविष रेल्वेने नेनाना या स्थानकापर्यंत आले, पण पुढे ६७४ मैल बर्फ. वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने धावून साडेपाच दिवसांत ते नोमला पोहोचवले. आपल्या हलकाऱ्यांची चौकी-चौकीवर डाक बदलण्याची पद्धत तीच ही. शेवटचा टप्पा धावलेल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा मात्र सेपाला या गाडीवानाने टोगो नावाच्या कुत्र्याच्या पुढारपणाखाली पार केला होता. टोगोच्या वाट्याला तशी कीर्ती यायला कित्येक दशके जावी लागली. शेवटी जो दिसतो त्याचा पुतळा होतो; हा न्याय केवळ बडोद्याचाच नाही.

पुढे १९६० च्या दशकात यंत्रावर चालणाऱ्या बर्फगाड्या आल्या आणि अलास्कातल्या वस्त्यांतून कुत्री नाहीशी होऊ लागली. काम नाही तर जनावर कशाला पोसायचे, हा हिशेब सगळीकडे सारखाच. तेव्हा जो रेडिंग्टन नावाच्या गृहस्थाने इतरांना सोबत घेऊन १९७३ साली अँकोरेज ते नोम अशी सुमारे हजार मैलांची इडिटरॉड शर्यत सुरू केली. जुनी डाकेची वाट आणि ती चालणारी कुत्री, दोन्ही टिकावीत हा त्यामागचा हेतू होता. या शर्यतीच्या दोन चाली मला फार आवडल्या. पहिला क्रमांक कोणाही स्पर्धकाला देत नाहीत. तो सन्मान म्हणून एखाद्या आदरणीय व्यक्तीच्या नावे राखून ठेवतात आणि स्पर्धकांची सुरुवात दोनपासून होते. आणि नोमला एक कंदील लावून ठेवतात. शेवटचा गाडीवान येईपर्यंत तो मालवत नाहीत. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे, की या शर्यतीत कुत्री दगावल्याच्या नोंदी आहेत आणि प्राणिमित्र संघटना तिला सातत्याने विरोध करीत आल्या आहेत. प्रेमाने सुरू केलेली गोष्ट प्रेमानेच चालते असे नाही. तिच्यावर डोळा ठेवावा लागतो.

हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतीच्या रूपाने उभा राहिला, तो वाचकांच्या स्मरणात असेलच. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर, खेड, आंबेगाव भागातील घाटांवर आणि विदर्भातील शंकरपटांत पिढ्यान्‌पिढ्या बैल धावत आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि अशा शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यती सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ चा आदेश यावा लागला. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरवले. समर्थकांचा युक्तिवाद रेडिंग्टनच्याच वळणाचा होता: ट्रॅक्टर आल्यावर खिल्लार बैल पोसायला दुसरे कारणच उरले नाही, शर्यत गेली तर जात जाईल. विरोधकांचे म्हणणे होते, की चाबूक, टोचणी आणि शेपटी पिरगाळणे यांना परंपरा म्हणता येणार नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून तर निकालाला इतकी वर्षे लागली.

या वादाविषयी लिहिताना एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या काळात मी मध्य गुजरातमधील एका तालुक्याच्या कचेरीत असताना एका गावच्या मेळ्याच्या परवानगीचे प्रकरण माझ्यापुढे आले. मेळ्यात बैलगाड्यांची दौड होणार होती. मी टिपण लिहिले. त्यात पोलीस बंदोबस्त होता, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था होती, ध्वनिक्षेपकाची वेळ होती, रस्ता अडणार नाही याची दक्षता होती. शेवटी ‘हरकत नाही’ असा शेरा आणि सही. बैलांसाठी सावली, पाणी, जनावरांचा डॉक्टर, दौडीचे अंतर यांविषयी त्या टिपणात एक ओळही नव्हती. वरिष्ठांनी विचारले नाही, नियमाने मागितले नाही आणि मला सुचले नाही. मेळा सुरळीत पार पडला, असे दुसऱ्या दिवशी मीच अहवालात लिहिले. सुरळीत म्हणजे माणसांच्या दृष्टीने. डुलुथला एका कुत्र्याचा पंजा हातात घेऊन बर्फात गुडघे टेकलेली पशुवैद्य बाई पाहिली, तेव्हा मला ते टिपण आठवले.

त्यामुळे या सहलीतून माझ्यापुरते मी काही निश्चित केले आहे. प्राण्यांचा कोणताही खेळ पाहताना दोन गोष्टी विचाराव्यात. हा खेळ त्या जनावराच्या स्वाभाविक कामातून उगवला आहे, की आपल्या करमणुकीसाठी त्याच्यावर लादला आहे? आणि जो हरेल, थकेल, लंगडेल, त्याची सोय काय? पहिल्या प्रश्नावर साठमारी टिकत नाही. बैलगाडा आणि स्लेज टिकतात. दुसऱ्या प्रश्नावर मात्र कोणतीही शर्यत कायमची उत्तीर्ण होत नाही. दरवर्षी, दर थांब्यावर तिला नव्याने उत्तर द्यावे लागते. नातवाने नेमका हाच दुसरा प्रश्न विचारला होता.

डुलुथच्या त्या शर्यतीवर पुढे एक निराळेच संकट आले. पुरेसा बर्फच न पडल्याने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे ती रद्द करावी लागली. मुलाने ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा मन खिन्न झाले. कुत्र्यांचे काम आधी यंत्रांनी नेले; आता त्या कामाच्या स्मरणाची वाटही ऋतू बदलल्याने पायाखालून सरकते आहे. आपण नेमके त्या आधीच्या वर्षी तेथे होतो, हा केवळ योगायोग. नातवंडांनी जे पाहिले ते त्यांच्या मुलांना पाहायला मिळेल की नाही, हे सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दांडिया बाजारातील जुने घर सोडून छाणीस राहायला आलो. एके काळी हे शहराबाहेरचे स्वतंत्र गाव. आता महानगरपालिकेच्या हद्दीत सामावलेले. छाणी जकातनाका हे नाव सर्वांच्या तोंडी आहे, पण जकात २००७ सालीच उठली. माझ्या लहानपणी याच रस्त्याने भाजीपाल्याच्या आणि गवताच्या बैलगाड्या पहाटे शहरात येत आणि नाक्यावर रांग लावून उभ्या राहत. बैलांच्या गळ्यातल्या घंटा दूरवरून ऐकू येत. कर गेला, गाड्या गेल्या, नाक्याचे नाव तेवढे राहिले. रोज हजारो लोक ते उच्चारतात. तेथे कोण थांबत असे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

आमच्या घरी श्रावणी अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, मातीच्या बैलांची पूजा होते. शेती सुटून किती पिढ्या झाल्या कोण जाणे, पण ही पूजा सुटली नाही. डुलुथहून आल्यानंतरच्या पहिल्या पोळ्याला सौ.ने नेहमीप्रमाणे जोडी मांडली, पुरणाचा नैवेद्य दाखवला. तेव्हा फोनवर नातू पाहत होता. मी त्याला या वेळी मियागाम-डभोईच्या बैलांची गोष्ट सांगितली. रेल्वे बैल ओढीत, यावर आधी त्याचा विश्वासच बसेना. मग त्याने ओळीने प्रश्न विचारले: किती बैल, किती डबे, वाटेत विश्रांती कोठे, पाणी कोठे? त्यांतल्या पुष्कळांची उत्तरे मला देता आली नाहीत. पण निदान हे प्रश्न आता आमच्या घरात विचारले गेले आहेत.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज गायकवाड सरकारच्या हत्तीखान्यात, पागेत, उंटखान्यात, रेल्वेत वा टपालात नोकरीस होते. घरातल्या जुन्या ट्रंकांत एखादी हिशेबवही असेल, जनावरांच्या वैरणीची यादी असेल, एखाद्या घोड्याचे, बैलाचे वा सांडणीचे नाव असेल. वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून एखादी आठवण शिल्लक असेल. ती लिहून काढावी आणि परिषदेच्या चिटणीसांकडे द्यावी. जिंकलेल्या हत्तीची गोष्ट तर आपल्याजवळ आहेच. हरलेल्या हत्तीचे पुढे काय झाले, हे कोणाच्या घरी ठाऊक असल्यास तेही अवश्य कळवावे. छाणीच्या एका आजोबांना ते उत्तर मिनेसोटाला पाठवायचे आहे.